सरांचे व्हिडिओ मी साफ केले

बॅनर डावीकडे झुकला होता. मी खुर्चीवर चढून तो सरळ करत होते, तेवढ्यात महागावहून काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला.

“सीमा, तुह्या सरांच्या व्हिडिओखाली जे लिहिलेलं होतं, ते कुठं गेलं व? मले दिसून नाही राह्यलं.”

“काकू, मी नवीन टाकलेत ना. एकदम साफ केलेत. आवाज ऐकला का तुम्ही?”

“ऐकला. खालचं कुठं हाय?”

“तिथंच असेल. बोटानं वर सरकवा थोडं.”

एवढं बोलून मी फोन ठेवला आणि पुन्हा बॅनरच्या दोरीला लागले. बॅनर सरळ झाल्यावरच खाली उतरले. काकूंच्या बोलण्यानं उतरले नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या दिवसांत माझं डोकं कसं चालत होतं ते त्यावरून कळेल.

बॅनरवर गावंडे सरांचा फोटो होता. ते जाऊन वर्ष होत होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या गिरणीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. त्याची सगळी जबाबदारी माझ्याकडे होती. कोणी दिली नव्हती, मीच मागून घेतली होती.

मी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका सूतगिरणीत सिस्टीम अॅडमिन आहे. म्हणजे कंपनीचे कॉम्प्युटर, सर्व्हर आणि त्यातला डेटा सांभाळणारी बाई. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली जिथं असतात तो मोठा कॉम्प्युटर. तो बंद पडला की गेटवरच्या वजनकाट्यापासून पगारापर्यंत सगळं अडतं आणि सगळे माझ्या नावानं खडे फोडतात. माझ्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे बॅकअप. मूळ फाइल गेली तर कामाला यावी म्हणून दुसरीकडे ठेवलेली नक्कल. बॅकअप न घेणाऱ्यांना मी आजवर इतकं फैलावर घेतलं आहे, की अकाउंट्सचे लोक मला पाहिलं की न विचारताच पेन ड्राइव्ह दाखवतात.

हे सगळं मला गावंडे सरांनी शिकवलं. समोर बसवून नाही, मोबाइलवरून. सर महागावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायचे. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, बाकी कसलीच हमी नाही. संध्याकाळी घरी येऊन ते डब्यावर डबा रचायचे, त्यावर मोबाइल टेकवायचे आणि सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क असले विषय आपल्या वऱ्हाडीत समजावून सांगायचे. “डेटाबेस म्हणजे काय? त येक मोठी पेटी, अन् तिले कप्पे. कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात हाय, हे पेटीले मालूम असते.” मी तेव्हा याच गिरणीत डेटा एंट्री ऑपरेटर होते. कापसाच्या गाठींची वजनं टाइप करायची, एवढंच काम. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता सरांचे व्हिडिओ पाहायचे. इंग्रजी कोर्स लावून मी दोनदा सोडून दिला होता. सरांचं मात्र कळायचं. तिथून मी आजच्या खुर्चीवर पोचले.

सरांच्या दोन सवयी इथं सांगायला हव्यात. पहिली म्हणजे ते व्हिडिओ एडिट करायचे नाहीत. शिकवताना कमांड चुकली, स्क्रीनवर लाल एरर आली, तर ते थांबायचे. “आता हे काहून आलं बाप्पा?” असं स्वतःलाच विचारायचे आणि आपल्या डोळ्यांदेखत ती चूक शोधत बसायचे. मागं कुकरच्या शिट्ट्या होत. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात. सगळं तसंच राहायचं.

दुसरी सवय म्हणजे व्हिडिओखाली कोणी डाउट विचारला, की सर त्याला नावानिशी उत्तर लिहायचे. एखादं उत्तर चुकलं, तर ते खोडायचे नाहीत. त्याच्याच खाली लिहायचे, वरचं माझं चुकलं, हे बरोबर आहे.

या दोन्ही सवयी मला पाठ होत्या. तरीही मी ते केलं.

झालं असं. कार्यक्रमासाठी हॉल हवा होता म्हणून मी देशमुख साहेबांकडे गेले. ते आमचे आयटी हेड. माणूस वाईट नाही. त्यांनी हॉल दिला, चहा-नाश्ता दिला, वर हेड ऑफिसच्या पाहुण्यांना बोलावतो म्हणाले. मग म्हणाले, “एखादा व्हिडिओ दाखवा ना सरांचा.”

मी लावला. सर बाह्यांच्या बनियनवर उपरणं टाकून बसले होते. पहिल्या मिनिटालाच कुकरची शिटी झाली. मग एरर आली आणि सर डोकं खाजवत म्हणाले, “थांबा बरं, माह्याच कायतरी घोळ होऊन राह्यला.”

देशमुख साहेब हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. “मॅडम, माणूस ग्रेट आहे. पण पाहुण्यांपुढं हे जरा... थोडं साफ करून घ्या.”

“हो सर, करते,” मी म्हटलं.

आता खरं बोलायचं तर साहेबांनी फक्त बोट दाखवलं. मला ते आधीच खुपत होतं. गिरणीत मोठ्या पदावर आल्यापासून कोणी विचारलं, की मॅडम, तुम्ही कुठं शिकलात, तर मी ऑनलाइन म्हणायचे आणि विषय बदलायचे. सरांच्या व्हिडिओची लिंक मी एकाही वरिष्ठाला कधी पाठवली नव्हती. मला सरांची लाज वाटत होती. ज्या माणसानं मला उभं केलं त्याच्या बनियनची, त्याच्या बोलण्याची, त्याच्या घरातल्या कुकरची. या लाजेला मी क्वालिटी असं चांगलं नाव दिलं होतं.

चॅनेलचा पासवर्ड काकूंनी मला सर गेल्यावर लगेच दिला होता. “तुले समजते यातलं, तूच पाहून घे,” म्हणाल्या होत्या. मी कामाला लागले. सगळे व्हिडिओ उतरवून घेतले. बॅकअप घेतला, एक डिस्कवर, एक सर्व्हरवर. मग शिट्ट्या काढल्या, गाड्यांचे आवाज काढले. जिथं जिथं सर चुकले होते तो भाग कापला. बनियन दिसू नये म्हणून चौकट वर सरकवली. सुरुवातीला संगीत टाकलं, सरांचं नाव सोनेरी अक्षरांत फिरवलं. नवे व्हिडिओ चॅनेलवर चढवले आणि एकाच गोष्टीच्या दोन प्रती नकोत म्हणून जुने हटवले. डुप्लिकेट ठेवायचं नाही, हा माझ्या ऑफिसचाही नियम आहे. एवढं नीटनेटकं काम मी कित्येक दिवसांत केलं नव्हतं. स्वतःवर खूश होऊन मी आइस्क्रीम खाल्लं होतं.

तर आता परत हॉलमध्ये. बॅनर सरळ झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि चॅनेलवर गेले. पहिल्या व्हिडिओखाली कॉमेंट नव्हती. दुसऱ्याखाली नव्हती. मी भराभर शेवटपर्यंत खाली गेले. जुनी एकही कॉमेंट उरली नव्हती.

व्हिडिओ उतरवून घेतला की चित्र येतं, आवाज येतो. खाली लोकांनी लिहिलेलं येत नाही. ते त्या पानाला चिकटलेलं असतं. पान हटवलं की तेही गेलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणी मला परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर उत्तर दिलं असतं. मी फक्त त्याचा विचार केला नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. बॅकअप होता. दोन ठिकाणी होता. ज्या गोष्टीचा हवा होता तिचा नव्हता.

सगळ्या चॅनेलवर एकच नवी कॉमेंट होती. मुकुटबनच्या रोशनी टेकामची. “नमस्कार सर. डेटाबेसला जोडताना मला एरर येते. जुन्या व्हिडिओत तुम्हाला पण तीच यायची आणि तुम्ही ती काढून दाखवायचे. नव्या व्हिडिओत तुम्हाला एररच येत नाही. माझ्याकडे अजून येते. आता काय करू?”

सर गेले हे या मुलीला माहीतच नव्हतं. आणि तिला जे हवं होतं नेमकं तेच मी कापलं होतं. मी लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. कॉमेंट तिथंच होती.

व्हिडिओच्या साइटवाल्यांना तक्रार टाकली. थोड्या वेळात ठरावीक उत्तर आलं, हटवलेला व्हिडिओ परत आणता येत नाही. मग सुनील राठोडला फोन केला. सुनील महागावजवळच्या बंजारा तांड्यावरचा, सरांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे आणि कार्यक्रमासाठी घरी आला होता.

“ताई, कॉमेंट वेगळ्या उतरवून ठेवता येतात. तो एक्सपोर्ट घेतला होता ना?”

“नाही रे.”

“एकाही व्हिडिओचा?”

“नाही.”

पलीकडे त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“माह्या याडीनं मोबाइल घ्यायले कानातले मोडले होते,” तो म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या गोर बोलीत आई. “पहिल्याच इंटरव्ह्यूत मले बाहेर काढलं, तवा मी सरांच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं का आता शिकणं सोडून देतो म्हणून. त्याच्यावर सरांनी जे लिहिलं होतं, ते मी आजही कंटाळा आला का उघडून वाचत होतो. तुम्ही असं काहून केलं ताई?”

डुप्लिकेट नकोत म्हणून, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

देशमुख साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “अहो, व्हिडिओ आहेत ना? मग झालं. कॉमेंट काय, नवीन येतील.” मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं, की सकाळपर्यंत मीही अगदी हेच म्हणाले असते.

काकूंना हे फोनवर सांगायची हिंमत होईना. दुपारी आर्णीमार्गे महागावची एसटी पकडली. रस्त्यानं कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंग फॅक्टरीकडे चालल्या होत्या आणि मी काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होते. टेक्निकल प्रॉब्लेम, अनावधानानं, असे ऑफिसात उपयोगी पडणारे सगळे शब्द आठवून पाहिले. महागाव येईपर्यंत एकही उपयोगाचा उरला नाही.

काकूंनी आधी पाणी दिलं, मग चहा. खोलीत डब्यावर डबा अजून तसाच होता.

“काकू, खालचं गेलं. माझ्याकडून गेलं. परत येत नाही.”

“सगळं?”

“सगळं.”

त्या माझ्यासमोर पलंगावर बसल्या. हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“तुले मालूम हाय का, ते कोणं लिहिलं होतं?”

“सरांनी. आणि मुलांनी.”

“तुह्या सरांची नजर शुगरनं अधू झालती. मोबाइलवरचे बारके अक्षर त्याइले दिसत नव्हते. मी वाचून दाखवत होती. ते सांगत, अन् मी टाइप करत होती. सैपाक झाला का आम्ही दोघं इथंच बसत होतो, या पलंगावर. कोण्या गावच्या पोराचं काय अडलं, ते मले काहीच समजत नव्हतं. पण टाइप करता करता मराठी टायपिंग आलं मले. ते गेल्यावर मी रोज सकाळी तेच वाचत बसो. त्याइचं बोलणं होतं ना ते, जसंच्या तसं.”

मी फरशीच्या भेगा पाहत होते.

“येक सांग मले,” काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं. “ते कुकरच्या शिट्ट्या कायले काढल्या?”

“आवाज नीट येत नव्हता काकू. डिस्टर्ब होत होतं.”

“त्या व्हिडिओत मी तेवढीच होती व.”

मला रडू आलं. मी तिथं रडायला गेले नव्हते आणि रडण्याचा हक्क माझा नव्हता हेही कळत होतं, पण आलं. एका माणसाचा सन्मान करायला निघालेल्या मी त्याच्या बायकोला त्याच्या कामातून पुसून टाकलं होतं. आवाजातूनही आणि अक्षरांतूनही. ती तिथं होती हेच मला माहीत नव्हतं. कधी विचारलं नव्हतं.

काकूंनी माझं रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली. पाठीवरून हात फिरवला नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, “उद्या येतो म्हटलं होतं, त येईन मी.”

परतीच्या एसटीत सुनीलचा मेसेज होता. त्यात नुसता एक फोटो. त्याच्या मेलबॉक्सचा. आपण साइटवर काही लिहिलं आणि कोणी त्याला उत्तर दिलं, की साइट आपल्याला मेल पाठवते, अमक्यानं तुम्हाला उत्तर दिलं. त्या मेलमध्ये उत्तराच्या पहिल्या काही ओळी असतात. सुनीलच्या जुन्या मेलमध्ये सरांचं उत्तर सापडलं होतं. अर्धंच होतं. “सुनील, तू चुकला नाही. मीच घाईघाईत शिकवलं. सोडायचं असेल तर सोड, पण आधी...” इथं तीन टिंबं आणि पुढं काही नाही.

मी बसमध्येच सरळ होऊन बसले. आमच्या कामात मुख्य सर्व्हर जळाला, की शेवटचा उपाय म्हणून एकेका माणसाच्या मशीनवर काय उरलं आहे ते गोळा करतात. कंटाळवाणं काम असतं आणि पूर्ण कधीच परत मिळत नाही. पण काहीतरी मिळतं. सरांची उत्तरं माझ्या हातून गेली होती, तरी ती ज्यांना लिहिली होती त्यांच्या मेलबॉक्समध्ये अजून असू शकत होती.

रविवारी हॉल भरला. वणी, उमरखेड, पुसद, कुठून कुठून मुलं आली होती. काही माझ्यासारखी, मुलं म्हणायच्या वयाची न राहिलेली. पहिल्या रांगेत हेड ऑफिसचे पाहुणे, त्यांच्या शेजारी देशमुख साहेब. काकू कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. कार्यक्रमपत्रिकेत माझं प्रास्ताविक होतं आणि त्यानंतर नव्या व्हिडिओंचं उद्घाटन.

मी उभी राहिले आणि झालं ते सांगितलं. मला सरांची लाज वाटत होती, हेसुद्धा सांगितलं. पहिल्या रांगेकडे मी पाहिलं नाही. मग म्हटलं, “सरांनी तुम्हाला उत्तरं दिली होती. मेल उघडा आणि सरांच्या चॅनेलचं नाव शोधा. जे सापडेल ते मोठ्यानं वाचा.”

कोणीतरी मागून “असं कसं केलं मॅडम?” म्हणालं. ते बरोबरच होतं. मग एकेक मोबाइल बाहेर निघाला.

कोणाचे मेल पुसले गेले होते, कोणाचा जुना पत्ताच बंद झाला होता. पण कोणाकडे होते. आधी वणीचा एक जण उठला. मग एक बाई उठली. सगळ्या उत्तरांचं तेच होतं, पहिल्या ओळी आणि मग टिंबं. सुनीलनं स्वतःचं वाचलं. “सोडायचं असेल तर सोड, पण आधी...” आणि तो थांबला. “पुढं नाही इथं. मले पाठ होतं वाटत होतं, पण आता शब्द आठवून नाही राह्यले.”

“पण आधी याडीच्या हातचं जेव,” कडेच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या. “रिकाम्या पोटी माणसानं काहीच ठरवू नये. असं होतं ते. याडी म्हणजे काय, हे मी तुह्या सरांले इचारलं होतं टाइप करताना.”

सुनील तसाच उभा राहिला. मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्यानंतर जो वाचेल तो टिंबांपाशी आला की काकूंकडे पाहू लागला. कमांडचं वगैरे त्यांना काही सांगता येत नव्हतं. ते आलं की “ते तुम्हीच पाहा,” म्हणायच्या. पण शेवटची ओळ कधी कधी सांगायच्या. बापाले फोन कर. चष्म्याचा नंबर पाहून घे. परीक्षा झाली का कळव. काही आठवायच्या, काही नाही. उमरखेडच्या एका मुलीनं वाचलं तेव्हा त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, “नाही माय. हे गेलं.”

ती मुलगी बरं म्हणून खाली बसली. जेवढं सापडत होतं त्याचा आनंद सगळ्यांना होत होता. मला फक्त जे सापडत नव्हतं ते ऐकू येत होतं.

उद्घाटन झालं नाही. देशमुख साहेबांनी मला मध्येच खूण करून विचारलं, मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. पाहुणे शेवटपर्यंत बसले, एवढं खरं.

हिशोब असा झाला. मूळ व्हिडिओ माझ्या बॅकअपमध्ये होते, ते मी पुन्हा चॅनेलवर चढवले. शिट्ट्यांसकट, चुकांसकट, बनियनसकट. साफ केलेल्यांपैकी रोशनीची कॉमेंट ज्याखाली होती तेवढा एक राहू दिला, बाकीचे त्यांच्या शेजारी ठेवायची माझी हिंमत झाली नाही. जुन्या लिंक मात्र मेल्या. गावोगावी मुलांनी मोबाइलमध्ये साठवलेल्या त्या लिंक दाबल्या, की व्हिडिओ उपलब्ध नाही असं येतं. लोक अजूनही मेल शोधून पाठवतात. काकू ती उत्तरं त्या त्या व्हिडिओखाली पुन्हा टाइप करतात, त्याच बोटांनी. गेलं त्याच्या मानानं आलं ते थोडंच आहे. सुनील माझ्याशी बोलतो, पण पहिल्यासारखा नाही.

पासवर्ड काकूंनी बदलला. रविवारी घरी पोचल्या पोचल्या बदलला, असं सुनीलकडून कळलं. आमच्या कामात याला अॅक्सेस काढून घेणं म्हणतात. एखाद्याच्या हातून डेटा गेला, की पहिली करायची गोष्ट हीच. सरांचा यावर एक अख्खा व्हिडिओ आहे. त्याखालची उत्तरं कोणी टाइप केली होती ते आता मला माहीत आहे. नवा पासवर्ड मी विचारला नाही. व्हिडिओ चढवायचे होते तेव्हा मी फाइली घेऊन महागावला गेले. काकूंनी स्वतः लॉगिन केलं आणि काम होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

मध्यंतरी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. कार्यक्रमानंतरचा पहिलाच.

“ते मुकुटबनची पोरगी हाय ना, रोशनी. तिले मी सांगतलं, सर नाहीत म्हणून. लय रडली असंन ते. पण तिची एरर अजून गेली नाही म्हणते. सुनील फोन उचलून नाही राह्यला. तू सांग, मी टाइप करतो.”

मी खुर्चीत सावरून बसले. “लिहा काकू. रोशनी, डेटाबेसची सर्व्हिस आधी चालू आहे का ते पाहा. ती बंद असली की हीच एरर येते. जुना व्हिडिओ परत टाकला आहे, त्यात सरांनाही हीच एरर येते.”

“हळू सांग.”

मी हळू सांगितलं. पलीकडे बटणांचा आवाज येत होता आणि मागं कुकर होता. दोन शिट्ट्या झाल्या.

“झालं. शेवटी काय लिहू?”

“शेवटी?”

“ते लिहीत होते ना काहीतरी.”

सर्व्हिस, पोर्ट, रीस्टार्ट, एवढंच डोक्यात येत होतं. “तुम्हीच लिहा काकू,” मी म्हटलं. त्यांनी काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही.

“आणि काकू, माझं काही चुकलं असेल तर ते डिलीट करून टाका. मी परत नीट सांगते.”

“डिलीट नाही करत आम्ही,” काकू म्हणाल्या. “चुकलं त खाली लिहितो.”